साहेब गाडीत नाहीत

“साहेब गाडीत नाहीत,” गाडीत बसलेले साहेब म्हणाले.

जीपची काच दोन बोटं खाली होती. त्या फटीतून मला नगरपालिकेचे मुख्याधिकारी पडवळसाहेब यांचा चष्मा दिसत होता, अर्धी मिशी दिसत होती आणि हातातला उसाच्या रसाचा ग्लासही दिसत होता. मी कागद फटीशी नेला.

“साहेब, दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम आहे. एक सही द्या, म्हणजे...”

“नाहीत म्हणून सांगितलं ना! ऑफिसात जा, आवक बारनिशीत नोंद करा, नंबर घ्या. रस्त्यावर कागद घ्यायला साहेब काय भाजीला आलेत इथं?”

“म्हणजे आलेत ना?”

“कोण?”

“साहेब.”

“तुम्हाला मराठी कळतं की नाही?” असं म्हणून त्यांनी रसाचा घोट घेतला.

मी शेवंतपूरच्या कोर्टातला बेलीफ, दत्ताराम सरवदे. आता रिटायर होऊनही नऊ वर्षं झाली. बेलीफ म्हणजे कोर्टाचा कागद ज्याच्या त्याच्या हातात नेऊन देणारा. ज्याच्या हातात द्यायचा तो नेहमी शेतावर, संडासात नाहीतर मयतीला गेलेला असतो. माणसं कणगीत लपलेली मी पाहिली आहेत. एका घरात बायकोनं ‘हे वारले’ म्हणून पदर डोळ्यांना लावला आणि हे आतून खोकले. पण समोर बसून, डोळ्याला डोळा देऊन ‘मी नाही’ म्हणणारा हा पहिलाच भेटला. सरकारी पगारावर एवढी हिंमत येते खरी.

जीपच्या पुढं वीस पावलांवर गोदाक्का जंगम हिची खानावळ. तीन खोल्यांचं घर. पुढच्या दोन खोल्यांत पंगत, मागं स्वयंपाकघर. कोर्टातले कारकून, एसटीचे ड्रायव्हर, पक्षकार, सगळे तिथंच जेवायचे. मीही. बायको शेतीपायी गावाकडं असायची, त्यामुळं गोदाक्काच्या भाकरीवरच माझी निम्मी नोकरी झाली. आणि त्या दिवशी त्या घराच्या मागच्या दारात जेसीबी धुरळा उडवत उभा होता, कुंपण पाडून मोकळा झालेला.

कारण काय, तर कमान. आमच्या आमदारांचे, भाऊसाहेब खडतऱ्यांचे वडील वारले होते आणि त्यांच्या नावाची कमान गावाच्या तोंडाशी उभी राहायची होती. पंधरा मेला मंत्री उद्घाटनाला येणार होते. कमानीला दोन पाय. एक पाय बरोबर हातपंपाशी पडत होता, दुसरा गोदाक्काच्या चुलीवर. नगरपालिकेत ठराव झाला की सदर घर रस्त्यात येते. चाळीस वर्षं तो रस्ता त्या घराला वळसा घालून सुखानं जात होता, पण ठरावाला ते कोण सांगणार? नोटीस नाही, मोजणी नाही, काही नाही. तीन मे उजाडला आणि यंत्र आलं. तेही भाऊसाहेबांच्या मेहुण्याचं.

गोदाक्कानं सकाळी आठलाच वकील गाठला. आमच्या दिवाणी न्यायाधीश ओगले मॅडम. वय बत्तीस-तेहतीस, बारमाही सर्दी, आवाज इतका बारीक की पुढच्या बाकावरच्या वकिलांनाही कान टवकारावे लागत. त्यांनी कागद वाचले, नाक पुसलं आणि साडेअकराला हुकूम दिला. वादीच्या घराबाबत पुढील तारखेपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी. पुढली तारीख नऊ जून, कारण परवापासून कोर्टाला उन्हाळी सुट्टी. मी तो कागद खिशात घालून सायकल अशी हाणली की चेन दोनदा पडली.

आणि आता साहेब गाडीत नव्हते.

“बरं,” मी म्हणालो, “मग मी मोठ्यानं वाचतो. गाडीत जे कोणी नाहीत त्यांनी ऐकावं.” आणि वाचला. पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत, चारचौघांत वाचला. शंभरएक माणसं जमली होती. वाचून झालं तेव्हा पडवळसाहेबांनी पलीकडच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि यंत्राच्या दिशेनं दोनदा पुढं हलवला. चल, घे, असा.

जेसीबीचा हात वर गेला आणि मागच्या भिंतीतून थेट स्वयंपाकघरात शिरला.

आत भाकरी थापणाऱ्या दोघीजणी किंचाळत बाहेर आल्या. त्यांच्या मागून गोदाक्का आली, हातात काथवट तशीच, पिठासकट. ती भिंतीकडं बघत राहिली. वरणाचं पातेलं उलथल्याचा वास बाहेरपर्यंत आला आणि मला, कोर्टाच्या माणसाला, मेल्याहून मेल्यासारखं झालं. हुकूम माझ्या हातात होता आणि भिंत जमिनीवर होती.

मग मी काय केलं ते मलाही नीट आठवत नाही. पिशवीतली खळीची डबी काढली, पळत गेलो आणि कागद यंत्राच्या लोखंडी हातावर थापला. माणूस भेटला नाही तर दारावर हुकूम चिकटवायचा, हे आमचं रोजचं काम. दाराच्या जागी त्या वेळी तेच होतं. ड्रायव्हर सिकंदरला वाचता येत होतं हे आमचं नशीब. त्यानं मान बाहेर काढून गोल शिक्का बघितला, यंत्र बंद केलं आणि खाली उतरला.

“आपण गरीब माणूस हाय,” तो म्हणाला. “कोर्टाच्या कागदाला धक्का मारायचं आपल्याच्यानं हुणार न्हाई.”

एवढ्यात जीपचं दार उघडलं आणि गाडीत नसलेले साहेब गाडीतून उतरले. चिकटवलेला कागद त्यांनी पाठीमागं हात बांधून सावकाश वाचला. मला वाटलं, आता चिडणार. पण त्यांना भलतंच हसू फुटलं.

“जैसे थे! वा!” ते म्हणाले. “कोर्टाचा मान राखलाच पाहिजे. सिकंदर, किल्ली आण इकडं. यंत्र जैसे थे, भगदाड जैसे थे, बाई जैसे थे. कोणी बोट लावायचं नाही. करा म्हणावं आता स्वयंपाक!”

बघ्यांतली निम्मी माणसं हसली. जीप गेली. जेसीबी तसाच राहिला, खांद्यापर्यंत हात घरात घालून.

दुपारी मला नगरपालिकेत बोलावणं आलं. साहेब या वेळी चक्क खुर्चीत होते. चहा आला, बिस्किटं आली.

“सरवदे, तुमची मुलगी आमच्या शाळा नंबर तीनमध्ये आहे ना? मानधनावर?”

“हो साहेब. सुनंदा.”

“चांगली शिकवते म्हणे. जूनमध्ये तिची ऑर्डर पुन्हा काढायची आहे. माझ्याच सहीनं निघते ती.” त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. “तुमच्या बजावणीच्या रिपोर्टात तुम्ही काय लिहिता नेहमी? माणूस भेटला नाही की?”

“मिळून आले नाहीत.”

“छान शब्द आहे,” ते म्हणाले.

मी कोर्टात आलो आणि लिहिलं. मुख्याधिकारी जागेवर मिळून आले नाहीत, सबब हुकूम यंत्रावर चिकटवून बजावणी केली. खाली सही केली. शेकडो वेळा लिहिलेलं वाक्य, आपोआप उमटलं. पोरीच्या पोटावर पाय येत होता हो, एवढंच डोळ्यापुढं होतं. दुसऱ्या कोणाच्या पोटावर तो आधीच पडलाय, हे मी डोळ्यापुढं येऊ दिलं नाही.

चार दिवसांनी गोदाक्काच्या वकिलाला रिपोर्टाची नक्कल मिळाली. गोदाक्कानं तोवर अंगणात ताडपत्री टाकून तीन दगडांची चूल मांडली होती. मी जेवायला गेलो. तिनं ताट वाढलं आणि समोर बसली.

“काय वो बेलीफ,” ती म्हणाली, “त्यो साहेब गाडीत व्हता का न्हवता?”

मी भाकरी मोडली.

“न्हाई, इचारते आपलं. अख्ख्या गावाला दिसला, माझ्या भिंतीला दिसला. तुमास्नी तेवढा दिसला न्हाई. आन माझ्या पिठल्यात बारका केस निघाला तर लांबनं बरा दिसतो तुमास्नी!”

“अक्का, माझी पोर...”

“पोर हाय तुमची. मला म्हाईत हाय. जेवा.” आणि ती उठली. जाता जाता म्हणाली, “उद्यापासनं आत बसायचं न्हाई. हितंच, यंत्रापाशी बसायचं. कागद तुमीच चिकटवलाय न्हवं? बघत बघत जेवा.”

तेव्हापासून मी जेसीबीच्या चाकाला टेकून जेवत होतो.

पडवळसाहेबांना वाटलं होतं, बाई आठ दिवसांत गुडघे टेकेल. पण झालं भलतंच. जेसीबी जेवायला बसलाय अशी बातमी पंचक्रोशीत पसरली आणि लोक बघायला यायला लागले. येणारा माणूस उपाशी थोडाच जातो? गोदाक्काच्या ताडपत्रीखाली तीन-तीन पंगती उठायला लागल्या. यंत्राच्या हातावर ती पापड वाळत घालायची. लग्नसराईचे दिवस, एक वऱ्हाड तर नवरानवरीला टपावर चढवून फोटो काढून गेलं.

तिकडं भाऊसाहेबांचा पारा चढत होता. पंधरा मे आला आणि गेला. एका पायाची कमान होत नसते. मंत्र्यांनी शेजारच्या तालुक्यात जाऊन व्यायामशाळेचं उद्घाटन केलं. अठरा मेला आमदार स्वतः अंगणात आले, मागं मेहुणा, त्याच्या मागं पडवळ. मी जेवत होतो. मी तिथं असून नसल्यासारखाच, म्हणून माझ्यादेखत सगळं बोलले.

“पडवळ, माझ्या बापाची कमान अडकली आणि मेहुण्याचं यंत्रही अडकलं. हे तुम्ही कोणाच्या बाजूनं काम करताय?”

“भाऊ, कोर्टाचा हुकूम आहे. जैसे थे.”

“मग काढून घ्या ना ते यंत्र मुकाट्यानं!”

“हात काढला तर तुळई खाली येती भाऊ,” सिकंदर लांबूनच म्हणाला. “तुळई आता आपल्या यंत्रावरच टेकलीया. छप्पर पडंल.”

“पडलं तर पडलं!”

“नको भाऊ, नको,” पडवळ घाईघाईनं म्हणाले. “गाव बघतंय. घर पडलं तर हुकूम मोडला असं होईल.”

“मग सुट्टीतल्या कोर्टात जाऊन परवानगी आणा!”

पडवळसाहेबांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा झाला. “परवानगी मागायची तर हुकूम मिळालाय असं लिहून द्यावं लागतं, भाऊ. आपलं म्हणणं आहे की तो मला मिळालेलाच नाही. बेलीफाचा रिपोर्टच तसा आहे.”

भाऊसाहेबांनी एकदा यंत्राकडं बघितलं, एकदा पडवळांकडं. “आम्ही तिकडं विधानसभेत कायदे करतो,” ते म्हणाले, “आणि इथं एक पोरगेली न्यायाधीशीण माझी कमान अडवते! निवडून आलीय का ती? किती मतं पडली तिला?”

“अक्कालाबी कुणी निवडून दिलं न्हाई,” सिकंदर म्हणाला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले तसा तो चाकाची हवा तपासायला वाकला.

नऊ जूनला कोर्ट उघडलं. यंत्र अडकून सदतीस दिवस झाले होते. गोदाक्काच्या वकिलांनी अर्ज दिला की हुकूम वाचून दाखवल्यावर भिंत पाडली, मुख्याधिकाऱ्यांना दिवाणी तुरुंगात पाठवा. सोबत गोदाक्काचं प्रतिज्ञापत्र. दालन खच्चून भरलं. मॅडम आल्या, रुमाल टेबलावर ठेवला, दोन्ही बाजूंचे कागद वाचले. नगरपालिकेचे वकील उठले. त्यांचा युक्तिवाद ऐटबाज होता. हुकूम पक्षकाराच्या हाती पडलाच नाही, बेलीफाचा रिपोर्ट स्वयंस्पष्ट आहे, मिळून आले नाहीत. माहितीच नसलेला हुकूम माणूस मोडेल कसा?

“बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या. पडवळसाहेब खुर्चीत सैल झाले. गोदाक्का शेवटच्या बाकावर बसली होती. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. मी दाराशी उभा होतो.

मॅडमनी रुमालानं नाक पुसलं. “एवढंच सांगा. हुकूम मिळाला नव्हता, तर मग यंत्र कोणी थांबवलं?”

“ड्रायव्हरनं स्वतःहून, मॅडम.”

“सदतीस दिवस?”

वकील पडवळांकडं वळले. पडवळ उभे राहिले. “न्यायालयाबद्दलच्या आदरापोटी, मॅडम.”

“न मिळालेल्या हुकुमाबद्दल?”

“कानावर आलं होतं.”

“कधी आलं?”

“म्हणजे... असंच. गावात चर्चा असते.”

“भिंत पडायच्या आधी आलं की नंतर?”

आता बघा. आधी म्हणावं तर तुरुंग. नंतर म्हणावं तर पुढचा प्रश्न तयार, की कळल्यावर सदतीस दिवस कोर्टात का आला नाहीत. पडवळसाहेबांनी वकिलांकडं बघितलं, वकिलांनी कागदांकडं.

“बेलीफ,” मॅडम म्हणाल्या.

सगळी डोकी माझ्याकडं वळली. मला पिंजऱ्यात बोलावलं, शपथ दिली. पडवळसाहेब माझ्याकडं एकटक बघत होते, आणि त्या नजरेत सुनंदाच्या ऑर्डरवरची त्यांची सही मला स्वच्छ दिसत होती. मॅडमनी माझा रिपोर्ट वाचलासुद्धा नाही. गोदाक्काचं प्रतिज्ञापत्र उचललं.

“यात लिहिलंय की तुम्ही गाडीच्या काचेशी बोलत होता. काच किती उघडी होती?”

मी विचार केला. काच नव्हती म्हणावं. गाडीच नव्हती म्हणावं. ऊन फार होतं, डोळ्यांपुढं अंधारी आली होती म्हणावं. पण माझा हात माझ्याआधी वर गेला आणि त्याची दोन बोटं उभी राहिली.

“दोन बोटं, मॅडम.”

“आणि त्या दोन बोटांतून काय ऐकू आलं?”

“साहेब म्हणाले...” मी बोटं खाली घेतली. “साहेब म्हणाले, साहेब गाडीत नाहीत.”

दालनात असा हशा उसळला की शिपायाला टेबल बडवावं लागलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पुढं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. रसाचा ग्लास, मोठ्यानं वाचलेला हुकूम, पलीकडच्या खिडकीतून हललेला हात, चहा, बिस्किट, सगळं. सांगून झाल्यावर मला वाटलं होतं हलकं वाटेल. छे! तसलं काही झालं नाही.

पडवळसाहेबांनी बिनशर्त माफी मागितली. तीन महिने दिवाणी तुरुंग म्हटल्यावर त्यांची माफी इतकी बिनशर्त झाली की वकिलांना ती दोनदा थोपवावी लागली. हुकूम झाला. छपराला टेकू द्या, यंत्र बाहेर काढा, आठ दिवसांत नगरपालिकेनं स्वतःच्या खर्चानं भिंत बांधून द्या. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या घराकडं फिरकू नका.

मला चेंबरमध्ये बोलावलं. मॅडम लिहीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “सरवदे, माझ्याकडं जेसीबी नाही.”

“नाही मॅडम.”

“पोलीस त्यांचे आहेत. तिजोरी त्यांची. कायदे करायला ते. माझ्याकडं एक कागद असतो, आणि तो घेऊन जाणारे तुम्ही. तुम्ही खोटं लिहिलंत की माझ्याकडं काहीच उरत नाही. मग मी इथं बसून सर्दी पुसते फक्त.”

मी मान खाली घातली.

“एक वेतनवाढ रोखावी लागेल. तशी शिफारस मी जिल्ह्याला पाठवते आहे,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा लिहायला लागल्या.

या सगळ्या प्रकरणात शिक्षा झाली ती एकट्या मला, हे नमूद करतो. पडवळसाहेबांना पुढच्याच वर्षी बढती मिळाली, मोठ्या नगरपालिकेत. मॅडमची बदली डिसेंबरात झाली, रुटीन म्हणून. सुनंदाची ऑर्डर अर्थातच निघाली नाही. ती दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “बाबा, दोन बोटं कशी दाखवली ते दाखवा ना.” मी दाखवली. मग ती हसली आणि मग मी रडलो.

पण त्या दिवशी चेंबरमधून बाहेर आलो तर गोदाक्का पायऱ्यांवर बसलेली. “उद्यापासनं आत बसा जेवायला,” एवढंच म्हणाली आणि गेली.

सातव्या दिवशी भिंत उभी राहिली. सरकारी काम सात दिवसांत पुरं झालेलं शेवंतपूरनं तेव्हाच काय ते बघितलं. संध्याकाळी गवंडी शेवटचा गिलावा मारत होता. मी आत जेवत होतो. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजले आणि चार गाड्या थांबल्या. भाऊसाहेब खडतरे उतरले, फेटा बांधून. सोबत नारळ, हार, पेढे आणि गावातल्या साप्ताहिकाचा संपादक, जो बातमीदारही तोच आणि फोटोवालाही तोच. मागून पडवळसाहेब, हातात लाल फीत. आणि दोघांनी मिळून उचलून आणलेली संगमरवरी पाटी.

आम्ही बाहेर येईपर्यंत गवंड्यानं ती ओल्या गिलाव्यात बसवलीसुद्धा.

“अक्का,” भाऊसाहेब हात जोडून म्हणाले, “झालं गेलं विसरून जायचं. तुमची भिंत आम्ही आमदार निधीतून करून दिली. फीत तुमच्याच हातानं कापायची.”

“निधीतनं?” गोदाक्का म्हणाली. “कोर्टानं तर पालिकेला सांगितलं व्हतं.”

“तेच ते. सगळं जनतेचंच.”

गोदाक्काला वाचता येत नव्हतं. ती पाटीपुढं उभी राहिली आणि मला म्हणाली, “वाचा वो बेलीफ.”

मी वाचलं. सन्माननीय आमदार भाऊसाहेब खडतरे यांच्या अथक प्रयत्नांतून साकारलेल्या भिंतीचा लोकार्पण सोहळा.

“लोकार्पण म्हंजे काय?”

पडवळसाहेबांनी खाकरून माझ्याकडं बघितलं. माझी एक वेतनवाढ गेल्यात जमा होती, पोरीची नोकरी गेली होती. आता त्यांच्याकडं माझं असं काही उरलंच नव्हतं. हा फायदा त्यांनीच मला करून दिला होता.

“म्हणजे लोकांना देऊन टाकली, अक्का,” मी मोठ्यानं म्हणालो. “सार्वजनिक झाली. उद्या कोर्टात हीच पाटी दाखवतील, म्हणतील जागा सरकारी आहे, बाईंनीच स्वतःच्या हातानं फीत कापली, हा बघा फोटो.”

“अरे, काय बोलतोस!” भाऊसाहेब म्हणाले. पण ते माझ्याकडं न बघता पडवळांकडं बघत म्हणाले, आणि पडवळ जमिनीकडं बघायला लागले. म्हणजे आमदारांनाही ते तेव्हाच कळलं की काय, कोण जाणे. सदतीस दिवसांत जे यंत्राला जमलं नाही ते फीत आणि पेढे करणार होते.

गोदाक्का आत गेली. मला वाटलं कात्री आणायला गेली; संपादकालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. ती आली ती उलथनं घेऊन. पाटीच्या कडेत तिनं ते घातलं, तव्यावरची भाकरी सोडवावी तशी चारी बाजूंनी फिरवलं आणि पाटी अलगद हातावर घेतली. जड होती, पण काथवटी उचललेले हात ते. वळली आणि भाऊसाहेबांच्या हातात दिली.

“ही तुमची,” ती म्हणाली. “घिऊन जावा. पडंल, दोन्ही हातांनी धरा.”

भाऊसाहेबांनी दोन्ही हातांनी धरली. दुसरं करणार काय? फेटा बांधलेला आमदार, छातीशी स्वतःच्याच नावाची पाटी, त्यातून गिलावा ठिबकतोय पांढऱ्या कपड्यांवर. संपादकाचा फ्लॅश उडाला. गवंड्यानं थापी उचलली आणि पाटीची जागा गुळगुळीत करून टाकली. पेढे तेवढे लोकांनी संपवले.

शनिवारी साप्ताहिक आलं. पहिल्या पानावर फोटो होता. मी ते घेऊन खानावळीत गेलो. गोदाक्का नव्या भिंतीला लागून मांडलेल्या चुलीपुढं बसली होती.

“काय छापलंय?” तिनं विचारलं.

मी वाचलं. “स्थानिक महिलेच्या हस्ते आमदार भाऊसाहेब खडतरे यांना सन्मानचिन्ह प्रदान.”

मला वाटलं ती चिडेल, निदान हसेल तरी. तिनं भाकरी पलटली.

“ह्यात भिंत कुणाची ते लिवलंय का कुटं?”

मी सगळी बातमी वाचली, आतल्या पानावरची उरलेलीसुद्धा.

“नाही, अक्का. कुठंच नाही.”

“मग माझी हाय,” ती म्हणाली, आणि मला ताट वाढलं.